घरी बांधलेल्या भट्टीची ओल काढताना

भट्टी बांधून झाली की लगेच जाळ घालून बघायचा मोह होतो. घुमट उभा असतो, धुराडं बसलेलं असतं आणि सोलापूरचं ऊन बघता दोन दिवसांत सगळं खडखडीत वाळलं असेल असंच वाटतं. वरून हात फिरवला तर कोरडंच लागतं. पण भिंतीच्या पोटात, फरशीखालच्या थरात आणि घुमटावरच्या लेपात बादल्या भरतील एवढं पाणी मुरलेलं असतं. ते सावकाश बाहेर काढायचं काम पक्कं झालं तर भट्टी वर्षानुवर्षं टिकते. ते कच्चं राहिलं तर पहिल्याच मोठ्या जाळाला विटांच्या कपच्या उडतात. जुळे सोलापुरात एका घराच्या परसात आम्ही पाव आणि पिझ्झा भाजायची भट्टी बांधली. तिची ओल कशी काढली ते इथे मापांसकट लिहितो.

आधी भट्टीची मापं, कारण पुढचे सगळे आकडे तिच्यावरच अवलंबून आहेत. आतला व्यास ३६ इंच, घुमटाची आतली उंची १८ इंच, तोंड साडेअकरा इंच उंच आणि १८ इंच रुंद. तोंडाची उंची घुमटाच्या उंचीच्या ६३ टक्क्यांच्या आसपास ठेवली की धूर पुढून नीट निघतो आणि धग आत राहते. विटा ९ × ४.५ × ३ इंची, आयएस ८ दर्जाच्या फायर ब्रिक (जाळ सोसणाऱ्या विटा), एकेक साधारण ४ किलोची. घुमटाला त्या अर्ध्या कापून लावल्या, त्यामुळे भिंत साडेचार इंच जाड झाली. सांध्यांच्या मसाल्यात ३ घमेली चाळलेली बारीक वाळू, १ सिमेंट, १ चुना आणि १ फायर क्ले (जाळ सोसणारी माती). फरशीच्या विटा वाळू आणि फायर क्लेच्या पातळ थरावर नुसत्या मांडल्या, सांधल्या नाहीत. त्यांच्याखाली चार इंच व्हर्मिक्युलाइट (धग अडवणारं हलकं, फुलवलेलं खनिज) आणि सिमेंटचा थर, पाचास एक प्रमाणात. त्याच्याखाली चार इंची आरसीसी स्लॅब. घुमटावर एक इंची सिरॅमिक वूल ब्लँकेटचे (धग अडवणाऱ्या, लोकरीसारख्या गादीचे) दोन थर, त्यावर व्हर्मिक्युलाइटचा दोन इंच लेप आणि सगळ्यात शेवटी चुन्याचा गिलावा. धुराडं सहा इंची.

आता यात पाणी किती, ते बघा. १०० लिटर व्हर्मिक्युलाइटला २० लिटर सिमेंट लागतं आणि ते कालवायला जवळपास ३० लिटर पाणी जातं. २० लिटर सिमेंट म्हणजे २८ किलोच्या आसपास. सिमेंट घट्ट होताना आपल्या वजनाच्या साधारण पावपट पाणी स्वतःत बांधून घेतं, म्हणजे ७ लिटर. उरलेलं २० लिटरच्या वरचं पाणी मोकळंच असतं, आणि ते फरशीच्या खाली, भट्टीत सगळ्यात अवघड जागी बसलेलं असतं. घुमटावरच्या लेपात जवळपास तेवढंच आणखी. शिवाय विटा. लावण्याआधी विटा हौदात बुडवून ठेवायची गवंड्यांची सवय असते. साध्या लाल विटेला ते योग्यच आहे, पण फायर ब्रिक पूर्ण भिजली तर एकटी ४०० मिलीच्या आसपास पाणी पिते. शंभर विटांचा हिशेब केला तर ४० लिटर. म्हणून वीट पाण्यात क्षणभर बुडवून लगेच बाहेर काढायची, तेवढ्याने मसाला पकडतो. मिस्त्रीला हे काम सुरू व्हायच्या आधीच सांगून ठेवावं लागतं.

एक लिटर पाण्याची वाफ झाली की ती सोळाशे-सतराशे लिटर जागा मागते. विटेच्या आणि मसाल्याच्या बारीक छिद्रांतून ती सावकाश निघाली तर काही होत नाही. भिंत झटक्यात तापली तर आत वाफ कोंडते आणि वाट फोडून निघते. तो आवाज स्पष्ट ऐकू येतो. आधी सूं असा बारीक आवाज, मग तडतड, आणि मग एखादी कपची उडून फरशीवर पडते. सूं ऐकू आलं की निखारे तोंडाकडे ओढायचे आणि तास-दोन तास भट्टीला उसंत द्यायची.

मोकळं पाणी शंभर अंशांच्या आसपास जातं, पण गोष्ट तिथे संपत नाही. सिमेंटने बांधून ठेवलेलं पाणी त्याच्या पुढे हळूहळू सुटत जातं, चुन्यातलं ४०० ते ५०० अंशांच्या पट्ट्यात, आणि फायर क्लेमधलं त्याच्याही वर. मसाल्यात चुना आणि फायर क्ले घालायचं कारणही हेच. ३०० अंशांच्या पुढे सिमेंटची ताकद उतरत जाते आणि घुमट धरून ठेवायचं काम चुना-मातीकडे येतं. म्हणून दर टप्प्याला पुरेसा वेळ द्यावा लागतो. एकदाच ४०० अंश गाठून भट्टी पक्की होत नाही.

सोलापुरात हे काम कधी करायचं? दिवाळीनंतर ते फेब्रुवारीअखेर. हवा कोरडी, ऊन सौम्य, पावसाची धास्ती नाही. हुरड्याच्या दिवसांत बाभळीचं लाकूडही वाळलेलं मिळतं. एप्रिल-मे अनेकांना सोयीचे वाटतात, कारण ४२ अंशांत सगळं पटकन वाळेल असा हिशेब असतो. पण ते वाळणं वरवरचं. तापलेल्या वाऱ्याने लेपाचा वरचा अर्धा इंच आधी सुकतो आणि आकसतो, खालचा ओला थर आकसत नाही, आणि त्या ओढाताणीत वर जाळीसारख्या भेगा पडतात. भरीला अवकाळी पाऊस असतोच. सप्टेंबर तर पूर्ण टाळावा, सोलापूरचा बराचसा पाऊस त्याच सुमाराला पडतो. उन्हाळ्यातच करायचं असेल तर भट्टीवर शेडनेट किंवा तट्ट्याची सावली हवी आणि लेपावर ओलं गोणपाट.

गोणपाटाबद्दल थोडं जास्त सांगायला हवं. सिमेंट असलेल्या कुठल्याही थराला पहिले पाच ते सात दिवस ओल लागते, नाहीतर तो भुसभुशीत राहतो. पण घुमटाला रोज पाइप धरून पाणी मारायचं नाही. गोणपाट पिळून लेपावर पांघरायचं, दिवसातून दोनदा शिंपडायचं, बस्स. व्हर्मिक्युलाइट स्पंजासारखं पाणी धरतं आणि वरून ओतलेला प्रत्येक तांब्या नंतर जाळ घालूनच बाहेर काढावा लागतो. बोअरचं जड पाणी वापरलं तर आणखी एक त्रास होतो. पाणी सुकलं की क्षार वर येतात आणि विटांच्या तोंडावर पांढरा लोणा फुटतो. तो कोरड्या ब्रशने झाडून टाकायचा. धुवायला गेलं की पुन्हा ओल आत जाते. काही मिस्त्री फरशीखाली जाडं मीठ आणि काचेचा चुरा घालायला सांगतात. काचेला हरकत नाही. मीठ मात्र हवेतली ओल ओढून घेतं, म्हणून आम्ही ते घातलं नाही.

सात दिवस ओल देऊन झाल्यावर गोणपाट काढलं आणि भट्टी आठवडाभर सावलीत उघडी ठेवली. धुराड्याचं झाकण उघडं, तोंड उघडं. वारा आरपार खेळला की बरंचसं पाणी फुकटात जातं.

ब्लँकेट आधी चढवायचं की ओल काढल्यानंतर, यावर दोन मतं आहेत. आमचं मत स्पष्ट आहे, ब्लँकेट आधी. उघड्या घुमटात जाळ घातला तर विटेचं आतलं तोंड २०० अंशांवर आणि बाहेरचं ५०-६० वर राहतं. साडेचार इंचात एवढा फरक पडला की आतली बाजू फुगते, बाहेरची फुगत नाही आणि भेग बाहेरून उघडते. वर ब्लँकेट असलं की सबंध भिंत जवळजवळ सारखी तापते. वाफही कोंडत नाही, कारण लोकरीतून ती सहज जाते. फक्त वरच्या लेपात शेंड्याला एक इंची पाइपचा तुकडा उभा ठेवायचा, खालचं टोक ब्लँकेटला टेकलेलं, वरचं उघडं. पुढे गिलावा झाल्यावर त्यावर लोखंडी टोपी बसवता येते. ब्लँकेट कापताना मास्क, हातमोजे आणि पूर्ण बाह्यांचा शर्ट हवाच. त्याचे तंतू घशाला आणि फुप्फुसाला त्रास देतात, अंगाला खाज सुटते ती वेगळीच.

तापमान मोजायला आम्ही तीन के टाइप थर्मोकपल (तापमान मोजणाऱ्या तारा) बसवले. एक घुमटाच्या शेंड्याला, बाहेरून भोक पाडून आतल्या तोंडापासून एक इंच अलीकडे. दुसरा ब्लँकेट आणि लेप यांच्यामध्ये. तिसरा फरशीच्या विटांखाली, मधोमध. तारा बाहेर काढून तापमान दाखवणाऱ्या मल्टिमीटरला जोडल्या. इन्फ्रारेड गनही होती, पण ती फक्त पृष्ठभाग दाखवते आणि मध्ये ज्वाला आली की आकडा चुकतो. स्वस्त गन ३८० अंशांच्या पुढे वाचतही नाहीत. तीनांपैकी एकच थर्मोकपल घ्यायचा असेल तर फरशीखालचा घ्या. ते का, ते पुढे येईलच.

पहिला जाळ लाकडाचा नको. आम्ही आत ५०० वॅटचा हॅलोजन दिवा लोखंडी स्टँडवर ठेवला आणि तोंडाला पत्र्याचं दार दोन बोटं फट ठेवून लावलं. रात्रंदिवस तेवढ्यावर आतली हवा ५०-६० अंशांवर राहते. दोन दिवस हे केलं की घुमटाचं आतलं तोंड काळपट करड्या रंगावरून फिकट होत जातं. नंतर लोणारी कोळसा. शेगडीत दोन किलो कोळसा बाहेरच पेटवायचा, धूर संपून लाल झाला की शेगडीसकट आत, बरोबर मधोमध, विटांच्या दोन तुकड्यांवर ठेवायची, म्हणजे फरशीवर एकाच जागी धग बसत नाही. कोळशात ज्वाला नसते, म्हणून घुमटाला चटका लागत नाही, आणि ही धग तासन्‌तास एकसारखी मिळते. भट्टी उघड्यावर किंवा नुसत्या पत्र्याच्या शेडखाली असेल तरच हे करा. कोळशाचा विषारी वायू डोळ्यांना दिसत नाही आणि त्याला वासही नसतो.

कोळशावर शेंड्याच्या थर्मोकपलचा काटा पहिल्या दिवशी ८०-९० पर्यंत आणायचा आणि तिथेच सहा-सात तास धरायचा. दर दोन तासांनी किलोभर कोळसा घालावा लागतो. रात्री निखारे बाहेर काढायचे नाहीत. शेगडी उतरवून ते फरशीवर पातळ पसरायचे, दार थोडं उघडं ठेवायचं आणि भट्टी आपोआप निवू द्यायची. दार घट्ट लावलं तर रात्री निघालेली वाफ घुमटाला आतून थेंब होऊन चिकटते आणि सकाळी भिंत पुन्हा ओली.

त्यानंतरचा टप्पा १०० ते १२० अंशांचा. सगळ्या कामात जास्तीत जास्त वेळ इथे द्यायचा. सोलापूर समुद्रसपाटीपासून साडेचारशे मीटरच्या वर आहे, त्यामुळे इथे पाणी ९८ अंशांच्या आसपास उकळतं. फरशीखालच्या थर्मोकपलवर ते डोळ्यांनी बघायला मिळतं. काटा ६०, ७०, ८५ असा चढत येतो आणि ९७-९८ ला येऊन अडकतो. वर कितीही कोळसा घातला, शेंडा १५० वर गेला, तरी खालचा काटा हलत नाही. सगळी धग तिथलं पाणी उकळण्यात खर्च होत असते. तो थर कोरडा झाला की काटा एकदम सुटतो, ९८ वरून १०५, ११५ असा चढू लागतो. तो सुटेपर्यंत आम्ही शेंड्याला १२० च्या वर जाऊ दिलं नाही. घुमट पुढे गेला आणि फरशी मागे राहिली असं होऊ द्यायचं नाही.

फरशी मागे राहते कारण धग वर जाते आणि निखाऱ्यांखाली साठलेली राख पांघरुणाचं काम करते. म्हणून दर तासाला निखारे एका बाजूहून दुसऱ्या बाजूला सरकवायचे, राख बाहेर ओढायची आणि उघड्या पडलेल्या फरशीला घुमटाची धग लागू द्यायची. पुढे अनेकांची जी तक्रार असते, पाव वरून करपतो आणि खालून कच्चा राहतो, तिचं कारण बहुतेक वेळा फरशीखालची ओलच असते. ओला व्हर्मिक्युलाइट धग अडवत नाही, उलट पिऊन टाकतो. स्लॅब ओतताना त्यात दहा मिलिमीटरची चार-पाच भोकं आरपार ठेवली की हे काम सोपं होतं. आमच्या स्लॅबखाली याच टप्प्यात त्या भोकांच्या तोंडाशी थेंब धरू लागले, प्रत्येक थेंब सिमेंटच्या दुधासारखा किंचित गढूळ, आणि खालच्या कोब्यावर पाच वेगळी ओली वर्तुळं उमटली. हळूहळू ती आकसत गेली आणि खालचा काटा सुटला त्या रात्री पूर्ण सुकली.

थर्मोकपल नसेल तरी ओल ओळखता येते. स्टीलची थंड थाळी चिमट्यात धरून तोंडाच्या वरच्या कडेशी आणायची. वाफ धरून ती लगेच धुरकट झाली तर पाणी अजून निघतंय. मात्र ही परीक्षा कोळशावरच करायची, लाकडाच्या धुरात पाणी असतंच आणि थाळी फसवते. दुसरी परीक्षा बाहेरून. लेपावर हातभर प्लॅस्टिकचा कागद पसरून कडा चिकटपट्टीने बंद करायच्या. आत जाळ असताना तासाभराने कागदाच्या पोटात थेंब दिसले तर लेप ओला आहे. बघून झालं की कागद लगेच काढायचा. भट्टी अशी झाकून ठेवली तर वाफ जाणार कुठून?

इथून पुढे लाकूड. मनगटाहून बारीक, दीड-दोन इंच जाडीची, फूटभर लांबीची बाभळीची फाटी. वाळलेली बाभूळ सावकाश आणि एकसारखी जळते. एकावर एक आपटली की खणखणीत आवाज यायला हवा. दबका आवाज आला तर लाकडात ओल आहे आणि आपण भट्टीत पाणी घालतोय. कडुनिंबही चालतो. तुराट्या मात्र फक्त पेटवण्यापुरत्या. त्या भसाभस जळतात, ज्वाला थेट घुमटाला चाटते आणि काटा पाच मिनिटांत पन्नास अंश उडी मारतो. या टप्प्यावर त्याच उडीची भीती असते. रंग दिलेलं लाकूड, प्लायवुड, पॅकिंगच्या फळ्या भट्टीत कधीच घालायच्या नाहीत, ओल काढतानाही नाही. त्यातल्या गोंदाचा आणि औषधांचा धूर विटेत मुरतो आणि नंतर त्याच फरशीवर आपण भाकरी ठेवणार असतो.

ज्वाला घुमटाला टेकता कामा नये, या मापाने जाळ ठेवायचा. एका वेळी दोन-तीन फाटी, बास. ताशी २५-३० अंशांहून जास्त चढ नको. आधी १५०, दुसऱ्या दिवशी २००, मग २५०, ३००, असं रोज पन्नास अंश वाढवत जायचं आणि दर दिवशी ठरलेला आकडा सहा तास तरी धरायचा. आकडा गाठणं सोपं, धरून ठेवायला माणूस भट्टीपाशी बसलेला लागतो. चुकून काटा पुढे गेलाच तर तसाच धरा किंवा लाकूड घालणं थांबवा, पण निखारे पूर्ण बाहेर ओढून भट्टी झटक्यात थंड करू नका, पाणी तर अजिबात मारू नका. तापण्याइतकाच झटपट निवण्यानेही तडा जातो.

१५० च्या दिवसापासून ही धग वाया जाऊ द्यायची गरज नाही. निखारे मागे ढकलून फरशी ओल्या फडक्याने नव्हे, तर लोखंडी ब्रशने साफ केली आणि परातीत शेंगदाणे पसरून ठेवले. १५०-१६० अंशांवर, दर सात-आठ मिनिटांनी हलवत, २५ ते ३० मिनिटांत ते आतपर्यंत खमंग भाजून निघतात. शेंगाचटणीला असे दाणे कढईतल्या दाण्यांपेक्षा सरस, कारण बाहेरून डाग न पडता आतला कच्चेपणा जातो. रात्री ८०-९० अंशांवर उतरलेली भट्टी कडक भाकरीला अगदी योग्य. तव्यावर शेकून घेतलेल्या पातळ भाकऱ्या जाळीवर उभ्या लावून ठेवायच्या, सकाळी काडकन मोडतात.

या सगळ्या दिवसांत रोज सकाळी एक आकडा वहीत टिपायचा. रात्रभर निवून शेंडा किती उरला? सुरुवातीला रात्री १२० वर सोडलेली भट्टी सकाळी ४०-४५ दाखवते. पुढे ३०० वर सोडलेली सकाळी १५० च्या वर सापडते. ब्लँकेट तेच, लेप तोच, फक्त त्यातलं पाणी गेलेलं असतं. हा आकडा वाढायचा थांबला की ओल संपत आली असं समजावं. आमच्याकडे घुमट कोरडा झाल्यावरही बाहेरचा लेप बरेच दिवस पाणी सोडत होता. लेपाखालचा थर्मोकपल १०० च्या वर जाऊन स्थिरावला तेव्हाच आम्ही ३५० च्या पुढे गेलो.

३५० ते ४०० च्या दरम्यान घुमटावरची काजळी जळू लागते. शेंड्याला आधी रुपयाएवढा पांढुरका डाग दिसतो, तो पसरत खाली येतो आणि अर्ध्या-पाऊण तासात काळा घुमट विटेच्या मूळ रंगावर येतो. कमी तापमानाच्या दिवसांत घुमट काळाकुट्ट होतो म्हणून घाबरायचं कारण नाही. सगळीकडून काजळी सुटली म्हणजे घुमट सारखा तापला. एखाद्या जागी काळा पट्टा उरला तर त्या जागी अजून ओल आहे किंवा बाहेरून ब्लँकेट सरकलंय.

भेगांचं आता सांगतो, कारण त्या पडणारच. फायर ब्रिक ५०० अंशांवर साधारण पाव टक्का वाढते. ३६ इंचांच्या घुमटाला तेवढ्याने दोन-अडीच मिलिमीटरचा फरक पडतो आणि तो कुठेतरी दिसतोच. केसभर भेगा, विशेषतः पायापासून वर चढणाऱ्या किंवा कमानीच्या खांद्याजवळच्या, गरम असताना मिटतात आणि निवल्यावर उघडतात. त्यांना हात लावू नये. भेग दोनेक मिलिमीटर रुंद असेल, तर ओल पूर्ण निघाल्यावर, थंड भट्टीत, त्याच मसाल्याने भरायची. चालू कामात भरलं तर नवा मसाला पुन्हा पाणी घेऊन आत जातो, आणि तापताना भेगेला मिटायला जागा उरत नाही. घुमट फरशीवर टेकवण्याऐवजी फरशीभोवती उभा केला, आणि घुमट व पुढची कमान यांच्यात पाच मिलिमीटर फट ठेवून त्यात सिरॅमिक दोरी दाबली, तर भेगांचं प्रमाण बरंच कमी राहतं.

एक भेग मात्र ओल काढण्यामुळे पडत नाही, आणि सोलापुरात ती ओळखता आली पाहिजे. अशी भट्टी स्लॅब आणि ओट्यासकट दीड-दोन टनांची होते. काळ्या मातीवर नुसता कोबा करून ती उभी केली तर पावसाळ्यात माती फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि ओटा वरखाली होतो. ओट्याच्या भिंतीतून सुरू होऊन स्लॅब ओलांडून घुमटात गेलेली भेग दिसली तर दोष पायाचा. ती मसाल्याने कितीही भरा, पुढच्या पावसाळ्यात परत उघडणार. काळी माती उपसून मुरुमापर्यंत खाली जाणं हाच त्यावरचा उपाय, आणि तो बांधायच्या आधीचा आहे.

शेवटचा गिलावा ४०० अंशांचा जाळ होऊन गेल्यावरच. लेपावर कोंबडी जाळी बांधून वाळू, चुना आणि थोडं सिमेंट यांचा अर्धा इंच थर, त्यावर चुन्याचे दोन हात. पाणी न झिरपू देणारा रंग आम्ही मुद्दाम टाळला. त्याने पाऊस अडतो, पण आत राहून गेलेली वाफही अडते आणि मग रंग फुगून पापुद्रे सुटतात. पाऊस अडवायला वर पत्र्याची शेड हवी, धुराड्यापासून अंतर राखून. ताडपत्री टाकायची तर ती सांगाड्यावर, भट्टीला न टेकता.

पावसाळ्यात तीन-चार महिने भट्टी बंद राहिली की व्हर्मिक्युलाइट हवेतूनही ओल घेतो. दसऱ्यानंतर पहिल्यांदा पेटवताना थेट पावासाठी तापवायची नाही. एक दिवस कोळशावर ९०-१०० अंश, फरशीखालचा काटा ९८ ला अडकतो का ते बघायचं. अडकला तर सुटेपर्यंत तिथेच थांबायचं. न अडकता पुढे गेला तर दुसऱ्या दिवशी २०० आणि तिसऱ्या दिवशी हवा तेवढा जाळ.